आंतली बाजू कोरणारीं हत्यारें व आमच्या शाळा

लांकडाच्या ठोकळ्यास बाहेरून गोलाई देणें हें काम पाहणारास अवघड वाटतें. कातारी लोकांस तें तितकें अवघड वाटत नाहीं. त्यांची खरी परीक्षा पुढेंच असते. बाहेरची बाजू डोळ्यांसमोर असते. हत्यार कोठें लागलें, किती लागलें, कीस कसा निघाला, हें सर्व दिसतें. परंतु त्याच ठोकळ्याच्या पोटांत खळगा करावयाचा, त्याची भिंत सर्वत्र सारखी ठेवावयाची, तळ फुटूं द्यावयाचा नाहीं, आणि हें सर्व यंत्र फिरत असतां, डोळ्यांस नीट न दिसणाऱ्या जागीं, एका लांब दांड्याच्या टोंकानें करावयाचें, हें निराळेंच काम आहे. त्यासाठीं जीं हातहत्यारें लागतात त्यांविषयीं, आणि तीं नांदेड व लातूर येथील शाळांतून विद्यार्थ्यांच्या हातीं कां द्यावींत याविषयीं, आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. विषय लहान दिसतो खरा. पण शाळेची कर्मशाळा मोडून तेथें सराव-परीक्षांचा वर्ग भरविण्याचे बेत आतां कानांवर येऊं लागले आहेत, आणि अशाच एका बेतांत एका शाळेचें लांकूडकामाचें लेथ यंत्र वजनावर भंगारांत गेलेलें आम्हीं पाहिलें आहे. त्या शाळेचें नांव घेण्याचें कारण नाहीं. तिच्या चालकांस आपण कांहीं गमावीत आहों असें वाटलेंच नाहीं, एवढीच गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे.

आपल्या भाषेंत सूतही कातावयाचें आणि लांकूडही कातावयाचें. सूत कातणारांचा चरखा सर्वांस ठाऊक आहे. लांकूड कातणारा कातारी मात्र शहरांतील मुलांस ठाऊक नसतो. त्याचें जुनें यंत्र अगदीं साधें. दोन खुंट्यांमध्यें लांकूड धरावयाचें, त्यास दोरीचा वेढा द्यावयाचा, एकानें ती दोरी किंवा कमान मागेंपुढें ओढावयाची व दुसऱ्यानें जमिनीवर बसून हत्यार लावावयाचें. हत्यार हलूं नये म्हणून पायाच्या बोटांचाही आधार घ्यावयाचा. अशा यंत्रांत लांकूड एकदां पुढें व एकदां मागें फिरतें, आणि हत्यार पुढच्या फेऱ्यांतच कापतें. शिवाय लांकूड दोन्ही बाजूंनीं धरलेलें असल्यामुळें पोकळी करतांना मधला गाभा शेवटपर्यंत उभा ठेवावा लागतो व काम झाल्यावर तो तोडून काढावा लागतो. विजेच्या यंत्रानें हे दोन्ही त्रास संपविले. लांकूड एकाच दिशेनें फिरूं लागलें, व त्यास एकाच बाजूनें घट्ट पकडतां येऊं लागल्यामुळें दुसरी बाजू मोकळी झाली. तरीही पोकळी कोरण्याची मूळ अडचण होती तशीच राहिली; कारण ती अडचण यंत्रांत नसून लांकडांत आहे.

लांकूड म्हणजे एका दिशेस लावलेल्या बारीक तंतूंची जुडी होय. कुंकवाचा करंडा किंवा तबल्याचें खोड कातावयाचें असतें तेव्हां हे तंतू यंत्राच्या अक्षास समांतर, म्हणजे तोंडाकडून तळाकडे गेलेले असतात. उलट, भाकरीचें पीठ मळण्याच्या काथवटीसारखें पसरट भांडें कातावयाचें तर तंतू आडवे असतात. हा भेद ज्यास कळला त्यास अर्धी विद्या आली. आडव्या तंतूंच्या भांड्यांत हत्यार कांठाकडून मध्याकडे न्यावें लागतें, आणि उभ्या तंतूंच्या भांड्यांत तें मध्यापासून कांठाकडे आणावें लागतें. असें कां? केरसुणीचा जुडगा हातांत घेऊन पाहावा. काडी कापतांना तिच्या पाठीशीं तिच्याहून लांब काडी उभी असेल तर ती वांकत नाहीं, स्वच्छ कापली जाते. पाठीशीं कांहींच नसेल तर ती लवते व फाटते. खोल करंड्यांत मधले तंतू सर्वांत आखूड झालेले असतात व बाहेरचे लांब असतात. म्हणून मध्याकडून बाहेर येणाऱ्या पात्यास प्रत्येक तंतूमागें आधार मिळतो. उलट दिशेनें गेल्यास आंतली भिंत जनावरानें चावल्यासारखी खरबरीत होते, आणि मग कितीही काचकागद घासला तरी ती खरबड सहसा जात नाहीं.

आतां हत्यारांकडे वळूं. पहिलें गिरमीट. त्यानें मधोमध इच्छित खोलीपर्यंत भोंक पाडून घ्यावयाचें. गिरमिटास त्या खोलीवर दोऱ्याची खूण बांधली म्हणजे तळ फुटण्याची भीति पुष्कळ कमी होते. यानंतर गोल पटाशी. ही सुताराच्या कोरीव कामाच्या पटाशीहून जाड व लांब मुठीची असते, आणि उथळ खळगा तिनें फार सुबक निघतो. परंतु खळगा जों जों खोल होतो, आणि विशेषतः तोंड लहान व पोट मोठें असतें, तों तों सरळ पात्याचें कांहीं चालत नाहीं. तेथें आंकडीचें काम पडतें. पोलादी दांड्याचें टोंक तापवून मनुष्याच्या वांकविलेल्या बोटाप्रमाणें वळवितात व त्या वळणाच्या कडेस धार देतात, हीच आंकडी. ती आंत सारून तळाशीं टेंकवावयाची आणि हळूहळू बाहेर ओढीत आणावयाची. वर सांगितलेली मध्यापासून कांठाकडे येण्याची चाल हिलाच सहज साधते. शेवटीं खरवडणी. ती कापीत नाहीं, नुसती खरवडते. म्हणून नवशिक्यास ती सोपी वाटते व तो पहिल्यापासून तीच हातांत धरतो. आम्हांस ही संवय मोडावीशी वाटते. खरवडणी राहिलेल्या उंचवट्यांसाठीं आहे. जें काम आंकडीनें व्हावयाचें तें खरवडणीकडून करवून घेणें म्हणजे विळीनें होणारें काम कानशीनें करणें होय.

हीं हत्यारें बाजारांत तयार मिळतातच असें नाहीं. लांकूड कातणारा तीं बहुधा लोहाराकडून करवून घेतो, आणि आमच्या मतें शाळेनेंही तसेंच करावें. मोटारीच्या जुन्या कमानपाट्याचें पोलाद यासाठीं चांगलें. जुनी कानस घांसूनही पुष्कळ जण हत्यार करतात. पण कानशीचें पोलाद फार कडक व म्हणून ठिसूळ असतें, आणि तें तापवून नरम केल्यावांचून लेथावर लावलें तर झटक्यासरशीं तुटून अंगावर येतें. पाणी पाजल्यानंतर पातें पुन्हा मंद आंचेवर धरून गवती पिवळा रंग चढूं द्यावयाचा व तेथेंच थांबावयाचें, हें लोहाराच्या भात्यापाशीं उभें राहून ज्या मुलानें एकदां पाहिलें, त्यास पोलादाचा धडा निराळा पाठ करावा लागणार नाहीं.

कोणी म्हणेल, हें सर्व ठीक आहे, पण यांत शिक्षण कोठें आलें? आमचें उत्तर असें कीं, इतकें पदार्थविज्ञान एका ठिकाणीं सांपडणें कठीण. हत्यार टेंक्यावर ठेवलेलें असतें. टेंक्याच्या पुढें पातें, मागें मूठ. पातें टेंक्यापुढें चार बोटें व हात टेंक्यामागें सोळा बोटें असेल तर लांकडाचा धक्का हातास चौथ्या हिश्शानेंच जाणवतो. खळग्यांत जसजसें खोल जावें तसतसे पुढचे चार बोटांचे आठ होतात, आठांचे बारा होतात, आणि तोच हात आतां थरथरूं लागतो. पुस्तकांतील तरफेचें सूत्र तेथें मनगटास समजतें. पुढें निघालेला दांडा लवतो तो लांबीच्या घनाच्या प्रमाणांत. लांबी दुप्पट झाली कीं लवणें आठपट. उलट गोल दांड्याची जाडी दुप्पट केली तर तेंच लवणें सोळाव्या हिश्शावर येतें. म्हणून खोल पोकळीचीं हत्यारें ओबडधोबड वाटण्याइतकीं जाड असतात. वेगाचेंही तसेंच. मिनिटास सहाशें फेरे घेणाऱ्या दहा सेंटिमीटर व्यासाच्या करंड्याचा कांठ मिनिटास सुमारें १८८ मीटर वेगानें हत्याराखालून जातो. मध्यापासून एक सेंटिमीटरवर हा वेग ३८ मीटरांच्या आंत येतो. आणि अगदीं मध्याच्या बिंदूस वेगच नसतो. एकच लांकूड, एकच यंत्र, पण कांठापाशीं हत्यार सरसर कापतें व मध्याशीं तें नुसतें दाबलें जातें. फिरण्याचा वेग व पृष्ठाचा वेग यांतील भेद फळ्यावर शिकविण्यास शिक्षकांस किती श्रम पडतात, तें त्यांचें त्यांनाच ठाऊक.

आणि मग राहतो तो आवाज. भिंत जाड असते तोंपर्यंत हत्याराचा आवाज जड व भरीव येतो. ती पातळ होत जाते तसतसा तो चढत जातो, आणि जाणता कातारी त्या चढत्या सुरावरून थांबतो. थांबल्यावर, यंत्र पूर्ण स्थिर झाल्यावर, तो आंत बोट घालतो. फिरत्या पोकळींत बोट कधींही घालावयाचें नाहीं, हा नियम मुलांस पहिल्याच दिवशीं, हत्यार हातीं देण्यापूर्वीं सांगितला पाहिजे.

आमच्या भागाचा या विद्येशीं संबंध काय, असें विचारणारांनीं आपल्याच घरांत पाहावें. लातूर व नांदेड हा ज्वारीच्या भाकरीचा मुलूख. भाकरीचें पीठ मळण्यासाठीं काथवट असे, कोठें वांकसानें कोरलेली, कोठें कातलेली. कुंकवास करंडा असे. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा बाभळीच्या टणक लांकडाचा, मधोमध आरपार पोखरलेला. यांपैकीं काथवटीची जागा पोलादी परातीनें घेतली, करंड्याची प्लॅस्टिकच्या डबीनें, व तुंब्याची रबरी टायरांच्या लोखंडी कण्यानें. याबद्दल अश्रु ढाळण्याची आमची इच्छा नाहीं. परात धुण्यास सोपी आहे, आणि जी बाई दिवसांतून दोनदां भाकऱ्या थापते तिनें सोपी वस्तु कां वापरूं नये? परंतु एक वस्तु अशी आहे कीं तिच्यासाठीं लांकडाची जागा सहजीं दुसऱ्या कशानें घेतलेली नाहीं. ती म्हणजे चर्मवाद्यांचें खोड.

आमच्या दोन्ही जिल्ह्यांत गांवोगांव भजन आहे, आणि भजन म्हटलें कीं पखवाज आला. नांदेडास तर सचखंड श्री हुजूर साहिब. गुरु गोविंदसिंहांनीं १७०८ सालीं तेथें देह ठेवला, आणि तेथील कीर्तनास तबल्याची साथ असते. पखवाजाचें खोड आरपार पोखरलेलें असतें. तबल्याचें मात्र वरूनच पोखरतात व खालचा भाग भरीव ठेवतात, म्हणून तो उजवा लहानसा दिसला तरी उचलतांना हातास जड लागतो. ही पोकळी म्हणजे केवळ काढून टाकलेलें लांकूड नव्हे. नादाचें घर तेंच. शिसव, खैर, बाभूळ, कडुनिंब अशीं लांकडें यास चालतात. यांपैकीं बाभूळ व कडुनिंब हीं आमच्या बांधावरचीं झाडें. लातूर जिल्ह्यांत रान असें फार थोडें आहे, तरी या दोन झाडांस तेथें तोटा नाहीं. असें असून ढोलकीच्या खोडांसाठीं ज्याचें नांव देशभर घेतलें जातें तें शहर म्हणजे उत्तर प्रदेशांतील अमरोहा. अमरोह्याच्या कारागिरांचा आम्हांस हेवा नाहीं. त्यांनीं तें नांव कष्टानें मिळविलें आहे. पण ज्या गांवांत पन्नास वर्षें पखवाज वाजत आहे, त्या गांवच्या शाळेंतील एकाही मुलास त्याचें पोट कसें कोरतात हें ठाऊक नसावें, यांत कांहीं तरी चुकलें आहे असें आम्हांस वाटतें.

दुसरें एक उदाहरण झाडाचेंच. कर्नाटकांतील चन्नपट्टण येथील कातीव लांकडी खेळण्यांची कीर्ति सर्वत्र आहे. फिरत्या लांकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरावयाची, घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून लांकडावर पसरते, असें तें काम. तीं खेळणीं ज्या पांढऱ्या, मऊ, सारख्या पोताच्या लांकडाचीं होतात तें झाड म्हणजे आपला काळा कुडा. दख्खनच्या कोरड्या पानगळी रानांतून तें वाढतें. आमच्या किनवट-माहूरकडील डोंगरांत सागवानाची वाखाणणी सर्व करतात, कुड्याकडे औषधापलीकडे कोणी पाहत नाहीं. आपल्या सावंतवाडीनेंही लांकडी खेळणीं व लाखेचें काम यांच्या जोरावर नांव मिळविलें. तेथील चितारआळी पाहण्यास प्रवासी मुद्दाम जातात. चन्नपट्टण काय व सावंतवाडी काय, दोन्ही गांवें हाताच्या या विद्येनेंच ओळखलीं जातात. येथें एक गंमत सांगण्याचा मोह होतो. देगलूर तालुक्यांतील होट्टल येथें कल्याणीच्या चालुक्यांच्या काळचीं देवळें आहेत. त्या घराण्याच्या काळच्या देवळांचे गोल, कंकणाकृति वळ्यांचे खांब पाहून अभ्यासक त्यांस लेथावर कातल्यासारखे म्हणतात. म्हणजे कातकामाची नजर या मातींत नवीन नाहीं. ती दगडांतही उतरलेली आहे.

आतां मुख्य आक्षेप. लातूरचें नांव आज देशांत निघतें तें परीक्षेंतील यशासाठीं. 'लातूर पॅटर्न' हा शब्दच त्याची साक्ष आहे. नांदेडही मागें नाहीं. वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांसाठीं दूरदूरचीं मुलें या दोन शहरांत येऊन खोल्या घेऊन राहतात. अशा मुलांच्या पालकांस आम्ही म्हणालों कीं, मुलास दहा दिवस लांकूड पोखरूं द्या, तर ते आम्हांस वेड्यांत काढतील. त्यांच्या कष्टांविषयीं आम्हांस आदर आहे. शेत गहाण टाकून फी भरणाऱ्या बापास हस्तकलेचें माहात्म्य ऐकविणें हें सोपें व थोडें निर्दय काम आहे, आणि तें करण्याची आमची इच्छा नाहीं. आम्ही त्यांच्याच हिशेबानें बोलतों. लंडन येथील इंपीरियल कॉलेजांत शल्यशिक्षणाचे प्राध्यापक असलेले रॉजर नीबोन यांनीं २०१८ सालीं जाहीरपणें असें सांगितलें कीं, परीक्षांत उत्तम गुण मिळविलेल्या विद्यार्थ्यांस जखम शिवण्यासारखीं हातांचीं साधीं कामें जड जात आहेत, कारण शाळेंत व घरीं हातांनीं करण्याचीं कामें कमी होत चाललीं आहेत. ज्या गांवांतून दरवर्षीं शेंकडों डॉक्टर निघावयाचे, त्या गांवानें हें वाक्य दोनदां ऐकावें. न दिसणाऱ्या जागीं, लांब हत्याराच्या टोंकानें, भिंत न फोडतां काम करणें, हें वर्णन कातार्‍याचें आहे कीं शल्यविशारदाचें, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

वेळेचाही प्रश्न वाटतो तितका मोठा नाहीं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत सहावी ते आठवीच्या मुलांसाठीं दहा दिवस दप्तराविना ठेवून त्या काळांत सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणत्यांजवळ शिकण्याची सोय सांगितली आहे. म्हणजे दिवस नव्यानें मागावयाचे नाहींत. ते दिलेले आहेत. प्रश्न एवढाच आहे कीं ते कसे घालवावयाचे. एका दुपारीं मुलांस रांगेनें कर्मशाळेंत नेऊन कारागिराचें काम लांबून दाखविलें, छायाचित्र घेतलें व अहवाल लिहिला, म्हणजे धोरण पाळल्यासारखें होईल. मुलांच्या हातीं कांहीं येणार नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, आतां संगणकावर चालणारीं यंत्रें हें काम बिनचूक करतात. मग हाताची कटकट कशाला? बिनचूक करतात हें आम्हांस मान्य आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून टर्नर नांवाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्यांत धातूचें कातकाम शिकवितात, व पुढें त्यांपैकीं पुष्कळ जण अशाच यंत्रांवर काम करतात. त्या मुलांस विचारावें कीं हत्यार पकडींतून किती बाहेर निघावें, कोणत्या वेगानें न्यावें, कोठें तें थरथरेल. हे सगळे प्रश्न पोकळींतीलच आहेत. यंत्रास आंकडा द्यावा लागतो, आणि तो आंकडा योग्य कीं अयोग्य हें ज्याच्या मनगटानें एकदां अनुभविलें आहे त्यास लौकर कळतें.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाहीं, म्हणून तोच आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हाताचें काम म्हणजे जातीचें काम, आणि शाळेंत तें शिकावयाचें तर अभ्यासांत मागें पडलेल्यांनीं, अशी एक समजूत आपल्यांत खोल रुतलेली आहे. मिशनच्या शाळांनीं या समजुतीशीं पूर्वीं झगडा केला, याची आठवण या मासिकांत करून देणें अस्थानीं होणार नाहीं. अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथें अमेरिकन मराठी मिशननें चालविलेल्या सर डी. एम. पेटिट औद्योगिक शाळेंत सुतारकाम व धातुकाम शिकविलें जाई. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायांत गांवचे लोक प्रभु येशूस सुतार म्हणून ओळखतात, आणि तें ओळखणें कौतुकाचें नसून हिणविण्याचें आहे, हें वाचणारानें विसरूं नये. पुढें १९३७ सालच्या वर्ध्याच्या शिक्षणपरिषदेनंतर बुनियादी शाळांत सूतकताई आली. ती टिकली नाहीं, त्याचें एक कारण हेंही असावें कीं ती गरिबांच्या शाळेंतच राहिली. म्हणून आमचा आग्रह असा आहे कीं, लेथावर पहिला हात वर्गांत पहिला येणाऱ्या मुलानें लावावा. आणि मुलींनीं लावावा. ओढणी काढून ठेवून, वेणी घट्ट बांधून, बाह्या कोंपरावर सारून, डोळ्यांस चष्मा व नाकास फडकें लावून त्यांनीं तें काम केलें तर भिण्याचें कारण नाहीं. लांब बाहीच्या मुलास मात्र यंत्राजवळ फिरकूं देऊं नये.

शिकविणारा कोण, हा प्रश्न उरतो. येथें आम्हांस इंग्लंडमधील एका कातार्‍याची हकीकत सांगावीशी वाटते. बर्कशायर परगण्यांतील बकलबरी येथें जॉर्ज लेली नांवाचा मनुष्य पायानें चालविलेल्या लेथावर लांकडी वाडगे कातीत असे. लांब आंकड्यांच्या साहाय्यानें तो एकाच ठोकळ्यांतून एकांत एक बसणारे अनेक वाडगे काढी. मोठ्याच्या पोटांतून निघालेला गाभा वायां न जातां त्याचा धाकटा वाडगा होई. १९५८ सालीं तो वारला, आणि त्याच्या मागें तें काम चालविणारा कोणी नव्हता. त्याचें यंत्र व हत्यारें रेडिंग येथील ग्रामीण जीवनाच्या संग्रहालयांत ठेवण्यांत आलीं. कित्येक वर्षांनंतर रॉबिन वुड नांवाच्या गृहस्थानें तीं हत्यारें पाहून, तशीं स्वतः घडवून, पुन्हापुन्हा लांकडें फोडून तें काम नव्यानें शिकून घेतलें. आंकडीचा बांक कांचेच्या पलीकडून दिसतो. ती किती तिरपी धरावी, तें कांच सांगत नाहीं. आमच्या भागांत लांकडाचें हें काम जाणणारे वृद्ध सुतार आजही सांपडतात. त्यांच्याजवळ प्रमाणपत्र नसतें, आणि प्रमाणपत्र नाहीं म्हणून शाळेच्या हिशेबांत त्यांच्या मानधनास रकाना सांपडत नाहीं. तो रकाना पाडावा. दहा दिवस मास्तरांनीं त्यांच्या शेजारीं उभें राहून तंतूंची, तरफेची व वेगाची बाजू समजवावी, आणि हात कसा धरावा तें त्यांनीं सांगावें. त्यांस मुलांनीं 'बाबा' म्हणावें कीं 'गुरुजी', हें मुलेंच ठरवितील. अरे-तुरे मात्र होऊं नये, एवढें शाळेनें पाहावें.

खर्चाचा बाऊ कोणी करूं नये. नवें यंत्र घ्यावयाचें तर तें स्वस्त नाहीं हें खरें. म्हणूनच जुनें भंगारांत घालण्यापूर्वीं त्याचा पट्टा व त्याचे बेअरिंग बदलून पाहावेत. लांकूड बांधावरच्या छाटणीचें चालतें. ओलें कडुनिंब पोखरण्यास मऊ असतें. आधीं भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी जाड ठेवून खळगा करावा, सावलींत कांहीं महिने वाळूं द्यावें, आणि वाळतांना जो वांकडेपणा येईल तो दुसऱ्या वेळीं काढून टाकावा. जून महिन्यांत शाळा उघडतांच पहिलें काम केलें तर नाताळाच्या सुमारास तीच वस्तु पुरी होते. पहिली वस्तु झांकणाचा करंडा नको. झांकण बसविणें पुढच्या वर्षाचें काम. आठ सेंटिमीटर तोंडाची व पांच सेंटिमीटर खोलीची साधी वाटी पुरे. यंत्र सुरू करण्यापूर्वीं लांकूड हातानें एक फेरा फिरवून तें कोठें अडकत नाहीं ना, हें प्रत्येकानें स्वतः पाहावें. ज्याचा तळ फुटेल त्यानें तो तुकडा फेंकूं नये; करवतीनें उभा चिरून भिंत कोठें जाड व कोठें पातळ राहिली तें मोजावें, त्याची आकृति वहींत काढावी, आणि तो चिरलेला तुकडा धड निघालेल्या वाट्यांच्या रांगेंत, कर्मशाळेच्या खिडकींत ठेवावा.